नजरवेल

इंद्रजित सुतारच्या कंबरेत उसण भरली त्या सकाळी त्याला खुर्चीत बसता येईना. घरी थांब, असं मैथिलीनं त्याला सांगून पाहिलं. पण तारांगणाच्या घुमटासाठीचे नमुने द्यायची तारीख जवळ आली होती, आणि काम टाकून पडून राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. शेवटी रुक्सानानं स्टुडिओतलं लांब बाकडं ओढून पडद्यासमोर आणलं, त्यावर गोधडी टाकली, आणि तो डाव्या कुशीवर आडवा होऊन कामाला लागला.

स्टुडिओ कोल्हापूरच्या उद्यमनगरात होता. पूर्वी ती लेथ मशीनची शेड होती, त्यामुळे दाराला अजून लोखंडी शटरच होतं. चित्रपटांसाठी लागणारे दृश्य-परिणाम इथं तयार होत: वितळणारं शहर, फुटणारा तारा, कुणा राजपुत्राला पडलेलं स्वप्न. माणसं तीनच. चित्रं इंद्रजितची. रंगांची अखेरची जुळवणी रुक्साना मुजावरची. आणि मैथिली, इंद्रजितची बायको, सॉफ्टवेअर सांभाळायची. मिरजेला वाढलेली, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली मैथिली लग्नानंतर काही वर्षं कॉलेजात शिकवत होती. इंद्रजित लाडात किंवा रागात आला की तिला अजून मास्तरीणबाई म्हणायचा.

त्यांची खासियत होती रंगीत फ्रॅक्टल चित्रं. त्यामागचं गणित तसं शाळकरी आहे. एका संख्येचा वर्ग करायचा, त्यात पडद्यावरच्या बिंदूची स्वतःची अशी एक संख्या मिळवायची. येईल त्या उत्तराचा पुन्हा वर्ग, पुन्हा तीच बेरीज, आणि असंच करत राहायचं. काही बिंदूंची उत्तरं चार-दोन फेऱ्यांतच अफाट वाढतात, काहींची कितीही घोळवली तरी मर्यादेत राहतात. उत्तर किती फेऱ्यांनी हाताबाहेर गेलं, त्यावर त्या बिंदूचा रंग ठरतो. खरी गंमत असते या दोन प्रकारांमधल्या सीमेवर. तिथं शेजारच्या बिंदूंमधला अगदी नगण्य फरक दर फेरीला वाढत जातो आणि त्यातून भोवरे, पाकळ्या, मोरपिसं उमटतात. कितीही जवळ गेलं तरी आत पुन्हा तसंच काहीतरी नवं असतं.

हे सगळं जुनंच. नवी होती ती नजरवेल. पडद्याखालचा छोटा कॅमेरा पाहणाऱ्याच्या बुबुळांवर लक्ष ठेवी. नजरवेल आकृतीच्या कडेनं सतत बारीक कोंब फोडत राही, सगळ्या दिशांना सारखेच. डोळा ज्या कोंबाकडे उडी मारेल तो वाढे, बाकीचे विरून जात. माणसाचा डोळा सेकंदाला दोन-तीनदा तरी उडी मारतो आणि त्यातल्या बहुतेक उड्या आपण ठरवून मारत नाही. कोपऱ्यात काहीतरी हललेलं दिसतं आणि नजर तिकडे जाते, एवढंच. नजरवेल या उड्यांचंच चित्र करी. म्हणून एकाच सूत्रापासून सुरुवात करूनही दोन माणसांची चित्रं कधी सारखी येत नसत, आणि याच गमतीमुळे नजरवेल पुढं शाळांत, मॉलमध्ये, लोकांच्या फोनवरही पोचली.

मैथिलीचं चित्र चारी बाजूंना नीटस पसरे, कोबीच्या गड्ड्यासारखं. रुक्सानाचं काटेरी आणि भडक. इंद्रजितच्या चित्रात मात्र सगळं खाली उतरत यायचं. भोवऱ्यातून भोवरे लोंबत, त्यांना निळ्या-तांबड्या दोऱ्या फुटत, त्या आणखी बारीक होत खाली जात. लोकांनी त्याला नाव दिलं होतं पारंबी शैली. गेल्या चार-पाच वर्षांत ती इतकी गाजली, की शहराबाहेर नव्यानं उभ्या राहणाऱ्या तारांगणानं आपला घुमट त्याच्याकडे सोपवला. प्रेक्षक खुर्च्यांत रेलून बसणार आणि त्यांच्या डोक्यावर इंद्रजितच्या पारंब्या उतरणार.

दुपारी मैथिलीनं त्या दिवसाचं चित्र उघडलं आणि ती बघतच राहिली. पारंब्या आडव्या गेल्या होत्या. डावीकडून उजवीकडे, जोराच्या वाऱ्यात उडणाऱ्या केसांसारख्या.

इंद्रजित खूश झाला. कंबर धरूनच हसला. नवी शैली सापडली म्हणाला, आता दर वर्षाला एकदा उसण भरवून घ्यावी. रुक्सानानं तेवढ्यात रंगही जुळवायला घेतले. मैथिली मात्र पडद्याकडेच बघत होती. पारंब्या खाली उतरतात कारण त्याला उतरणाऱ्या गोष्टी आवडतात, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. सगळेच धरून चालले होते. पण तसं असेल तर आडवं झाल्यावरही पारंब्यांनी खालीच यायला हवं होतं. पडद्याची खालची बाजू बदलली नव्हती. जमीनही होती तिथंच होती. बदललं होतं फक्त त्याचं डोकं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः त्या बाकड्यावर डाव्या कुशीवर झोपली आणि नजरवेल लावली. चित्र कोबीसारखंच आलं. मग तिनं रुक्सानाला झोपवलं.

“पगार झोपायचा मिळतोय,” रुक्साना ओढणी सावरत म्हणाली. “घरी सांगू नका, ताई. अम्मी उद्यापासून इथं येऊन झोपेल.”

रुक्सानाचं चित्रही नेहमीसारखंच आलं, काटेरी आणि चहूबाजूंना. मैथिलीनं मग इंद्रजितची जुनी चित्रं काढली आणि वर्षाप्रमाणे ओळीनं पडद्यावर मांडली. अगदी पहिल्या चित्रांत पारंब्या नव्हत्याच. वेल खाली जशी जाई तशी वरही जाई. मग वर जाणाऱ्या फांद्या हळूहळू खुजट होत गेल्या. मग विरळ. गेल्या दोन वर्षांत वर काहीच नव्हतं.

समीक्षकांनी यालाच कलावंताची वाढ म्हटलं होतं.

ती बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसली. तिला भीती वाटायला हवी होती. पण आधी आलं ते कुतूहल, आणि त्याबद्दल तिला थोडं अपराधीही वाटलं. तिच्या मनात एक साधं गणित उभं राहत होतं. समजा, एखाद्याला वरचे कोंब इतरांपेक्षा किंचित कमी दिसतात. शंभरातली एखादी उडी वर जायची राहते. एका चित्रात ते कळणारही नाही. पण नजरवेल प्रत्येक उडीवर पुढची उडी रचते, आणि नगण्य फरकाचं चित्र करणं हेच तर फ्रॅक्टलचं काम.

मग तिला शटर आठवलं. अर्धवट ओढलेल्या शटरला इंद्रजितचं कपाळ गेल्या वर्षात कितीदा आपटलं होतं. पहिल्या वेळी रुक्सानानं हळद लावली होती. नंतर तिनं शटरच्या कडेला जुन्या गोधडीची पट्टी चिकटवली आणि तिघं त्यावरून विनोद करू लागले. घरातली भिंतीवरची कपाटं तो उघडी ठेवायचा आणि मग त्यांच्याच दारांवर डोकं आपटून त्यांना शिव्या द्यायचा. विसराळूपणा, असं मैथिली समजत होती.

त्या संध्याकाळी घरी तो खुर्चीत बसून चहा पीत होता. त्याचे वडील तातोबा सिनेमाचे मोठमोठे बॅनर रंगवायचे. त्यांचा लांब दांड्याचा एक ब्रश अजून भिंतीवर लटकत होता. मैथिलीनं तो काढला, ती खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्याला म्हणाली, समोर घड्याळाकडे बघत राहा, डोळे हलवू नकोस, ब्रश दिसला की सांग.

“काय लावलंयस? अंगात आलं का तुझ्या?”

“सांग तेवढं.”

तिनं ब्रश त्याच्या डोक्यावरून हळूहळू खाली आणायला सुरुवात केली. स्वतःवर तिनं ते आरशासमोर करून पाहिलं होतं. तिला ब्रश कपाळाच्या वरच्या कडेशी आला तेव्हाच जाणवला होता. इंद्रजितच्या केसांपाशी ब्रश आला. कपाळापाशी आला. भुवयांच्याही खाली आला. केसाळ टोक त्याच्या बुबुळांच्या जवळजवळ समोर आलं तेव्हा तो दचकला.

“अगं, डोळ्यात घालतेस काय? आधी सांगायचं तरी.”

तिनं तिथंच त्याला सगळं सांगितलं. काचबिंदू असू शकतो, म्हणाली. डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा मज्जातंतू कडेकडेनं मरत जातो. दुखत नाही, खुपत नाही. तो म्हणाला, मला तर कुठं काळं दिसत नाही. त्यावर तिनं त्याला विचारलं, तुला तुझ्या पाठीमागचं दिसतं का? नाही. मग तिथं काळोख आहे असं वाटतं का? तेही नाही. डोळा जिथलं काही कळवतच नाही, तिथं काही नाही हेही मेंदूला कळत नाही. तो आसपासचंच थोडं ओढून ती जागा भरून टाकतो. “आपण एखाद्या दृश्यातली नको असलेली तार पुसून तिथं आभाळ भरतो ना, तसं.”

इंद्रजितनं चहाचा कप खाली ठेवला.

“म्हणजे ज्याला लोक माझी शैली म्हणतात, ते माझं न दिसणं आहे?”

तिनं फक्त एवढंच सांगितलं, की गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली औषधानं राखता येते. आणि जितका उशीर, तितकी कमी उरते.

तो उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळानं परत आला तेव्हा त्यानं सगळं ठरवलेलं होतं. घुमट आधी, डॉक्टर नंतर. डॉक्टरांनी काही निदान केलं तर ते तारांगणवाल्यांच्या कानावर जाईल, आणि डोळे अधू झालेल्या माणसाकडून घुमट कोण रंगवून घेणार? त्याला हेही खरं वाटत होतं, की एकदा कळल्यावर हातातून पारंब्या जातील. मैथिली म्हणाली, घुमटाला महिने लागतील. तो म्हणाला, इतकी वर्षं गेली, आणखी चार महिन्यांनी काय होतंय.

मग तो तिच्याजवळ येऊन बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “नजरवेलीला सांगता येतं ना तुला? वरचे कोंब जरा मोठे कर. ठळक कर. मला दिसतील. चित्र पुन्हा पहिल्यासारखं येईल. कुणाला कळायचं नाही.”

तिला ते करता येत होतं. सगळ्या दिशांचे कोंब सारखे ठेवायचे की नाही, हे तीच ठरवत असे. एक आकडा बदलायचा, की वरच्या फांद्या फुटल्या असत्या. इंद्रजित खूश झाला असता, घुमट भरला असता, भांडण मिटलं असतं. आणि पुढच्या वर्षी तो आकडा आणखी थोडा वाढवावा लागला असता. त्याचा मेंदू जे करत होता तेच ती यंत्राकडून करून घेणार होती. मग आजाराची वाट अडवणारं काहीच उरणार नव्हतं.

“नाही करणार,” ती म्हणाली.

“माझ्यासाठी?”

“तुझ्यासाठीच.”

पुढचे काही दिवस घरात कामापुरतं बोलणं होत राहिलं. स्टुडिओत रुक्सानाला पहिल्या दिवशीच अंदाज आला. तिनं कुणालाच काही विचारलं नाही. फक्त शटर रोज सकाळी पूर्ण वर ढकलून ठेवायला लागली.

घुमटाची चाचणी एका रविवारी सकाळी ठेवली होती. खुर्च्या अजून बसवलेल्या नव्हत्या. मधोमध एक स्टूल, त्याच्याबरोबर फिरेल असा बसवलेला नजरवेलीचा कॅमेरा, आणि चहूबाजूंनी प्रक्षेपक. इंद्रजित स्टुलावर बसला. घुमटाची कड त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर होती. तो नेहमीप्रमाणे नुसता बघत राहिला. गुलाबी कोंब फुटले. त्यांतून हिरवे भोवरे, त्यांतून निळ्या दोऱ्या. तो स्टुलासकट हळूहळू गोल फिरत गेला आणि घुमटाच्या कडेवर सगळीकडून पारंब्या उतरल्या. चित्र सुंदर होतं. तारांगणाचे संचालक दाराशी उभे राहून बघत होते, त्यांनी मान डोलावली आणि फोन आला म्हणून बाहेर गेले.

“झालं,” इंद्रजित म्हणाला. “भरला सगळा.”

मैथिली आणि रुक्साना मान वर करून बघत होत्या. रंगीत झालरीच्या वर अख्खा घुमट काळा होता. भलामोठा, गोल आणि रिकामा.

“दादा,” रुक्साना म्हणाली, “जरा मान वर करता का?”

त्यानं मान मागे टाकली. आणखी मागे टाकली. मग तो स्टुलावरून उठला, झालरीकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं. मैथिलीला त्याचा चेहरा दिसत होता. राग नव्हता. जिथं भिंत आहे असं आयुष्यभर समजत होतो तिथं दार निघावं, तसा तो बघत होता.

“एवढं?” तो म्हणाला. जरा वेळानं पुन्हा म्हणाला, “एवढं मोठं?”

त्याच आठवड्यात ती दोघं डॉक्टर लाटकरांकडे गेली. अर्ध्या वाटीसारख्या यंत्रात हनुवटी टेकवून, ठिपका दिसला की बटण दाबायची तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांच्या नजरेची वरची बाजू मोठ्या कमानीसारखी गेली होती. खालची शाबूत होती. लाटकरबाईंनी रोज रात्री घालायचे थेंब लिहून दिले आणि एकही दिवस चुकवायचा नाही म्हणून दम भरला. मग त्यांनी ती वर्षावार चित्रं बघायला मागितली. एकेक चित्र पुढे सरकवताना त्या मध्येच थांबल्या. इतकी सुरुवातीची अवस्था त्यांच्या यंत्रात कदाचित उमटलीही नसती, म्हणाल्या. नजरवेल आता शाळांत, मॉलमध्ये, लोकांच्या फोनवर आहे. तुम्ही लोकांची चित्रं तपासायला सुरुवात केलीत तर किती जणांचे डोळे वाचतील.

बाहेर पडताना मैथिलीच्या डोक्यात तेच घोळत होतं. कुणाची वेल डावीकडे खुरटते, कुणाची मध्येच अडखळते, आणि त्यातून आणखी काय काय वाचता येईल. डोळेच कशाला. थकवा, दुःख, कुणाकडे बघायचं टाळलं जातं तेही. रिक्षात बसल्यावर तिनं हे त्याला सांगितलं. तिचा आवाज नकळत चढला होता.

इंद्रजितनं ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मला तू न विचारता वाचलंस, ते चाललं. मी नवरा आहे. दुसऱ्या कुणाला विचारल्याशिवाय वाचू नकोस, मास्तरीणबाई.”

पुढे लाटकरबाईंबरोबर तिनं जे काम उभं केलं त्यात हीच पहिली अट राहिली.

संचालकांना इंद्रजितनं स्वतःच सांगितलं. काम काढून घेतलं तरी चालेल, पण वरचं काळं ठेवून मी सही करणार नाही, म्हणाला. पुढच्या चाचणीत बघू, एवढंच ते बोलले.

त्या चाचणीच्या सकाळी इंद्रजित काखेत गोधडीची गुंडाळी घेऊन आला. रुक्सानानं विचारलं, पुन्हा उसण भरली का? तो नाही म्हणाला. त्यानं स्टूल बाजूला केलं आणि घुमटाच्या बरोबर मधोमध गोधडी अंथरली.

“आमचे वडील बॅनरचं कापड मैदानात पसरायचे,” तो म्हणाला. “अनवाणी त्यावरून चालायचे. एका बाजूनं रंगवलं की लगेच दुसऱ्या बाजूला. मी लहान असताना एका कोपऱ्यात बसून नाकच रंगवत बसलो, तर पाठीत धपाटा दिला. म्हणाले, एका जागी बसलास तर चित्र तुझ्याकडंच कलतं. उठ, फिर.”

तो उताणा झोपला. कॅमेरा मैथिलीनं त्याच्या छातीवर येईल आणि त्याच्याबरोबर फिरेल अशा आडव्या दांडीवर बसवला. प्रक्षेपक लागले. घुमटाच्या टोकाशी, बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर, पहिला कोंब फुटला. वेल वाढू लागली, आणि अपेक्षेप्रमाणे एकाच बाजूला, त्याच्या पायांच्या दिशेनं उतरत गेली. डोक्याच्या मागची बाजू काळीच राहिली.

थोड्या वेळानं तो टाचा रेटून गोधडीवर सरकला. घड्याळाच्या काट्यासारखा, डोकं मध्यापाशी ठेवून, अंग थोडं फिरवून. आता वेल नव्या दिशेला उतरू लागली. पुन्हा सरकला. जिथं काळोख होता तिथं पारंब्या आल्या, आणि त्याचं न दिसणं दुसरीकडे गेलं. मैथिलीच्या लक्षात आलं, की ती न दिसणारी जागा भरत नव्हती, फिरत होती. त्याच्यामागून फिरत होती, आणि तो तिच्यामागून. नजरवेलीतला एकही आकडा तिनं बदलला नव्हता.

संचालक दाराशी येऊन उभे राहिले होते. या वेळी त्यांचा फोन वाजला तो त्यांनी बंद केला.

मैथिलीनं चपला काढल्या, गोधडीच्या कडेला बसली आणि मग तीही उताणी झाली. तिचं डोकं त्याच्या डोक्याला लागून, पाय विरुद्ध दिशेला. वर मधोमध निळ्या-तांबड्याचं एक मोठं फूल गोल उमलत होतं, चारी दिशांना उतरत होतं, आणि एका बाजूला अजून थोडं काळं होतं.

“काय गं,” तो वर बघत म्हणाला, “आता कुठं राहिलंय?”

“तुझ्या डोक्यामागं.”

“कुठल्या अंगाला?”

“उजव्या. आणखी थोडं. हं, तिथं.”

त्यानं टाचा रेटल्या आणि सरकला.